एचडी व्हिडिओ टीव्हीवर अडखळतोय? लिनक्सच्या पीसीवर दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय हा हाताएवढा छोटा कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडायचा आणि त्यावर लिनक्स टाकून एमपीव्ही, व्हीएलसी नाहीतर कोडी असा व्हिडिओ प्लेअर चालवायचा, असं करणारे आता आपल्याकडे बरेच आहेत आणि तक्रार साधारण एकच असते, की साध्या फाइल्स मस्त चालतात पण फुल एचडी लावलं की चित्र अडखळतं. मग माणूस सेटिंगमध्ये शिरतो आणि दिसेल ते बदलत सुटतो, थोड्या वेळाने काय काय बदललं तेही आठवत नाही, आणि शेवटी "हा पीसी आता भंगारात" असं ठरतं. माझं म्हणणं एवढंच की कशालाही हात लावण्याआधी स्क्रीनवरचे आकडे बघा. फाइल, डीकोडिंग (म्हणजे दाबून लहान केलेली फाइल उलगडून चित्र काढणं), डिस्प्ले, आवाज, नेटवर्क यातली कुठली जागा अडलीय ते आकडे सरळ सांगतात आणि बऱ्याचदा चांगला चालणारा पीसी उगाच टाकून द्यावा लागत नाही.

"अडखळतं" या एका शब्दात लोक चार वेगळ्या गोष्टी सांगतात, त्या आधी वेगळ्या करा. चित्र मधेच थांबतं, आवाज मात्र चालू राहतो आणि मग चित्र धावत पुढे येतं, हा डीकोडिंगचा प्रश्न. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात, गोल गोल फिरणारं चिन्ह येतं, हा डेटा वेळेत न येण्याचा प्रश्न, म्हणजे नेटवर्क किंवा डिस्क. सगळं चालू आहे पण कॅमेरा बाजूला सरकला की बारीक बारीक ठराविक झटके बसतात, हा रिफ्रेश रेटचा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते त्याचा प्रश्न. आणि हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात, हा इंटरलेसिंगचा, म्हणजे एक चित्र दोन अर्ध्या भागांत पाठवण्याचा प्रश्न. चारही दुखण्यांचं औषध वेगळं आहे, एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

आधी आय दाबा

तुम्ही रोज कोडी वापरत असाल तरी तपासणीसाठी एमपीव्ही टाकून घ्या, कुठल्याही डिस्ट्रोच्या, म्हणजे फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या, सॉफ्टवेअर सेंटरमध्ये मिळतो आणि एकदम हलका आहे. अडखळणारी फाइल त्यात लावा आणि कीबोर्डवर आय दाबा, डाव्या कोपऱ्यात माहिती येते आणि थोड्या वेळाने जाते, कायम ठेवायची असेल तर शिफ्ट धरून आय. यात दोन गोष्टी बघायच्या. पहिली, ड्रॉप्ड फ्रेम्सची, म्हणजे गाळल्या गेलेल्या चित्रांची, ओळ, त्यात डीकोडर आणि आउटपुट असे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. डीकोडरचा आकडा वाढतोय म्हणजे प्रोसेसरला फाइल उलगडायलाच वेळ पुरत नाहीये. आउटपुटचा वाढतोय म्हणजे उलगडून झालंय पण स्क्रीनवर वेळेत पोचत नाहीये, तिथे ग्राफिक्स, कंपोझिटर (खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर दाखवणारा भाग), रिफ्रेश रेट इकडे बघायचं. दुसरी गोष्ट, व्हिडिओच्या ओळीत हार्डवेअर डीकोडिंगचं, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून उलगडून घेण्याचं, नाव, व्हीएएपीआय वगैरे, दिसतंय का. दिसत नसेल तर सगळं काम प्रोसेसर एकटा करतोय, आणि एमपीव्हीमध्ये डीफॉल्टला असंच असतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

लगेच तपासायचं असेल तर फाइल चालू असतानाच कंट्रोल आणि एच दाबा, हार्डवेअर डीकोडिंग चालू बंद होतं. दाबल्यावर ड्रॉप थांबले तर रोग सापडला. मग कायमचं करायला होम फोल्डरमध्ये लपलेला डॉट-कॉन्फिग फोल्डर आहे, त्यात एमपीव्ही नावाचा फोल्डर, त्यात एमपीव्ही डॉट कॉन्फ नावाची साधी टेक्स्ट फाइल बनवायची आणि एका ओळीत एचडब्ल्यूडेक, बरोबरचं चिन्ह, ऑटो, डॅश, सेफ एवढं लिहायचं, अर्थात सगळं इंग्रजी लहान अक्षरात. यात ऑटो-सेफ हेच लिहा, नुसतं ऑटो नको, कारण सेफवाला पर्याय फक्त खात्रीचे मार्ग वापरतो आणि काही जमलं नाही तर गुपचूप प्रोसेसरवर परत येतो.

कंट्रोल एच दाबून काहीच फरक पडला नाही तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) चिपला काय उलगडता येतं ते सांगणारी व्हीएइन्फो ही कमांड चालवा, नसेल तर त्याच नावाचं पॅकेज टाकावं लागतं, काही डिस्ट्रोत ते लिबव्हीए-युटिल्स नावाने मिळतं. उत्तरात मोठी यादी येते, त्यात प्रत्येक ओळीत आधी कोडेकचं (व्हिडिओ दाबून ठेवण्याच्या पद्धतीचं) प्रोफाइल, म्हणजे उपप्रकार, आणि पुढे एंट्रीपॉइंट, म्हणजे काय काम करता येतं ते. आपल्याला शेवटी व्हीएलडी असलेल्या ओळी हव्यात, त्याच डीकोडिंगच्या, शेवटी एन्कस्लाइस असेल तर ती एन्कोडिंगची आहे, ती बघून खूश होऊ नका. एच-२६४ या जुन्या कोडेकसमोर व्हीएलडी आहे पण त्याहून नव्या एचईव्हीसी समोर काहीच नाही असं दिसलं तर तुमच्या चिपमध्ये ती सोय नाहीये किंवा ड्रायव्हर चुकीचा आहे.

आता कुठल्या चिपमध्ये काय आहे ते इंटेलपुरतं सांगतो कारण जुने डेस्कटॉप बहुतेक इंटेलचेच असतात. सेकंड जनरेशन कोर म्हणजे २०११ पासूनच्या चिप्स एच-२६४ आरामात करतात. एचईव्हीसी आठ बिट (बिट जास्त तितक्या रंगांच्या छटा जास्त) सिक्स्थ जनरेशनपासून, म्हणजे २०१५ च्या स्कायलेकपासून. एचईव्हीसी दहा बिट आणि व्हीपी९ हा कोडेक पूर्ण हवा असेल तर सेव्हन्थ जनरेशन, आणि त्याहून नवा एव्ही१ इलेव्हन्थपासून पुढे. त्यामुळे फोर्थ जनरेशनच्या आय-फाइव्हवर दहा बिट एचईव्हीसी लावून हार्डवेअर डीकोडिंग शोधत बसण्यात काही अर्थ नाही, ते तिथे नाहीच. ड्रायव्हरही दोन आहेत, फोर्थ आणि त्याआधीच्यांना जुना आय-नऊशे-पासष्ट नावाचा, फिफ्थपासून पुढे इंटेल मीडिया ड्रायव्हर. पॅकेज मॅनेजरमध्ये दोन्ही वेगवेगळे दिसतात, आपल्या चिपचा टाका. एएमडीवाल्यांना मेसा हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा संच पुरतो, फक्त फेडोरा वापरत असाल तर २०२२ पासून त्यांनी पेटंटच्या भानगडीमुळे मेसामधून एच-२६४ आणि एचईव्हीसी काढलंय, ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज साठ्यातून फ्रीवर्ल्ड नावाचं पॅकेज टाकून परत येतं. फेडोरा टाकल्यावर "अचानक सगळं हळू झालं" म्हणणाऱ्यांनी आधी हेच बघावं.

फाइलच्या पोटात काय आहे

नाव बघून फाइल ओळखता येत नाही, नावात १०८०पी लिहिलेलं असतं आणि आत काहीही असतं. एफएफएमपेग हे व्हिडिओ फाइल बदलायचं साधन टाकलं की त्याबरोबर फाइलची माहिती सांगणारं एफएफप्रोब येतं, टर्मिनलमध्ये एफएफप्रोब, स्पेस, आणि फाइल माउसने ओढून तिथे टाका की पूर्ण पत्ता आपोआप येतो, मग एंटर. व्हिडिओवाल्या ओळीत कोडेक, कंसात प्रोफाइल, मग रंगाचा फॉरमॅट, मग १९२०x१०८०, शेवटी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. एचईव्हीसीपुढे मेन १० दिसलं तर दहा बिट. एच-२६४ पुढे हाय १० दिसलं तर ती सगळ्यात त्रासदायक जात, कारण नेहमीच्या ग्राफिक्स चिप्स ते हार्डवेअरवर करतच नाहीत, अ‍ॅनिमेच्या जुन्या फाइल्समध्ये हे खूप सापडतं. ते प्रोसेसरनेच करावं लागतं, आणि बऱ्यापैकी चार कोरचा प्रोसेसर असेल तर तो करतोही.

आणि त्याच ओळीत टॉप फर्स्ट असं लिहिलेलं दिसलं तर फाइल इंटरलेस्ड आहे. टीव्ही चॅनलवरून रेकॉर्ड केलेलं एचडी बहुतेक असंच असतं, १०८०आय, सेकंदाला २५ फ्रेम पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, एकात सम ओळी, एकात विषम, म्हणजे खरं तर सेकंदाला ५० वेळा हालचाल टिपलेली असते. टीव्हीचा स्वतःचा ट्यूनर हे गुपचूप जुळवून घेतो, पण पीसी टीव्हीला आधीच पूर्ण फ्रेम बनवून पाठवतो त्यामुळे हे काम प्लेअरला करावं लागतं. एमपीव्हीत डी दाबा, व्हीएलसीतही डीच, रेषा गायब. व्हीएलसीमध्ये प्रेफरन्सेसमध्ये डीइंटरलेस मोड निवडता येतो तिथे याडिफ टू-एक्स घ्या, नुसतं ब्लेंड किंवा डिस्कार्ड घेतलं तर रेषा जातात पण चित्र एकतर पुसट होतं नाहीतर अर्ध्या बारकाव्यानिशी दिसतं. क्रिकेटच्या मॅचमध्ये हा फरक लगेच कळतो, बॉलरचा हात फिरतो तेव्हा टू-एक्समध्ये हालचाल सलग वाटते आणि साध्यात तुटक. मालिका किंवा सिनेमा मात्र बऱ्याचदा मुळात २५ फ्रेमचाच असतो आणि चॅनल तो इंटरलेस्डचं लेबल लावून पाठवतं, तिथे डीइंटरलेस केलं नाही तरी रेषा दिसत नाहीत, मग बंदच ठेवा, उगाच प्रोसेसरला काम कशाला. डीइंटरलेस लावल्यावर चित्र पुढे मागे थरथरायला लागलं तर फील्डचा क्रम उलटा लिहिला गेलाय, टॉपच्या जागी बॉटम फर्स्ट सांगून बघा.

झटके बसतात पण ड्रॉप शून्य

हे सगळ्यात जास्त लोकांना होतं आणि सगळ्यात कमी जणांना कळतं. पीसी टीव्हीला बहुधा ६० हर्ट्झ पाठवत असतो. आपल्याकडचं टीव्हीचं सगळं २५ आणि ५० मध्ये चालतं. आता २५ फ्रेम ६० मध्ये बसवायच्या तर पाच फ्रेमना बारा जागा येतात, म्हणजे काही फ्रेम दोनदा दाखवायच्या आणि काही तीनदा, आणि डोळ्याला ते बरोबर टोचतं. न्यूज चॅनलच्या खाली सरकणारी पट्टी बघा, अक्षरं सलग सरकण्याऐवजी हिसके देत जातात. प्रोसेसर बदलून, रॅम वाढवून हे कधीच जाणार नाही.

उपाय म्हणजे डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ५० करायचा, ग्नोम, केडीई अशा सगळ्या डेस्कटॉपांत तो पर्याय डिस्प्लेच्या पानावर असतो, एक्स११ या जुन्या डिस्प्ले व्यवस्थेवर असाल तर एक्सरँडर कमांडनेही होतं. कोडीवाल्यांना हाताने करायची गरज नाही, सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओज मध्ये अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट आहे ते ऑन स्टार्ट-स्टॉप करा. खाली डावीकडे सेटिंगची पातळी बेसिक असेल तर बरेच पर्याय लपलेले असतात, ती एक्सपर्ट करून घ्या. मग २५ ची फाइल लावली की टीव्ही क्षणभर काळा होऊन ५० वर जातो आणि २३.९७६ चा सिनेमा लावला की टीव्ही घेत असेल तर २४ वर. तो काळा होण्याचा एक-दोन सेकंद काही जणांना आवडत नाही पण माझं मत विचाराल तर त्याच्या बदल्यात मिळणारी गुळगुळीत हालचाल फार मोठी आहे. टीव्ही २४ किंवा ५० घेतच नसेल, काही जुने मॉनिटर घेत नाहीत, तर एमपीव्हीच्या कॉन्फ फाइलमध्ये व्हिडिओ-सिंक, बरोबरचं चिन्ह, डिस्प्ले-रीसॅम्पल लिहा, सगळे झटके जात नाहीत पण अधूनमधून बसणारे मोठे हिसके थांबतात.

आणि चित्र आडवं कापल्यासारखं, वरचा भाग आधी खालचा नंतर असं दिसत असेल तर ते टेअरिंग. एक्स११ ऐवजी वेलँड या नव्या डिस्प्ले व्यवस्थेच्या सेशनमध्ये लॉगिन करून बघा, बहुतेकदा तिथेच संपतं.

डेटा पोचत नसेल तर

फाइल दुसऱ्या मशीनवर असेल आणि वायफायने येत असेल तर सगळ्यात आधी तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन थेट लावून बघा. व्यवस्थित चालली तर बाकी कशाला हात लावू नका, दोष नेटवर्कचा. टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटून ठेवलेल्या डब्याला २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय मिळणं अवघड जातं, आणि बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात राउटर असतो त्यामुळे तो बँड भरलेलाच असतो. साधी लॅनची वायर टाका. १०० एमबीपीएसची वायरसुद्धा पुरते, कारण ब्लू-रेचा व्हिडिओसुद्धा कमाल ४० एमबीपीएसपर्यंतच जातो. वायर शक्यच नसेल तर पाच गिगाहर्ट्झ, आणि दोन्हीकडे आयपर्फ३ नावाचं साधन चालवून खरा वेग मोजा, राउटरच्या खोक्यावर लिहिलेला आकडा धरू नका.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क "स्लो आहे" असं म्हणून लोक एसएसडी घेतात, पण यूएसबी २ सुद्धा फुल एचडीला भरपूर होतो. एकाच ठिकाणी, त्याच मिनिटाला दर वेळी अडकत असेल तर मात्र डिस्कची तब्येत बघा, स्मार्टसीटीएल ही डिस्क तपासायची कमांड चालवून करंट पेंडिंग सेक्टरच्या (वाचता न येणाऱ्या जागांच्या) ओळीत शेवटचा आकडा शून्य सोडून काही असेल तर आजच्या आज घरातले फोटो दुसरीकडे कॉपी करा, व्हिडिओचं नंतर बघू.

डिश आणि यूएसबी ट्यूनर लावून टीव्हीहेडएंड (चॅनल पीसीवर घेणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांचं वेगळं. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्वेकडून येतं, केयू बँड या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात, आणि जोराच्या पावसात केयू बँड कमजोर होतोच, जुलैमध्ये चित्राचे चौकोन पडायला लागले म्हणून प्लेअर बदलण्यात अर्थ नाही. टीव्हीहेडएंडच्या स्टेटस पानावर सिग्नलची गुणवत्ता आणि कंटिन्यूइटी एररचा, म्हणजे मधेच गहाळ झालेल्या डेटाचा, आकडा असतो. कोरड्या दिवशीही कंटिन्यूइटी एरर वाढत असेल तर डिशची दिशा, एलएनबीजवळचा, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डब्याजवळचा, गंजलेला कनेक्टर किंवा मधला जॉइंट, या क्रमाने बघा.

रास्पबेरी पाय

पाय ४ एच-२६४ आणि एचईव्हीसी दोन्ही हार्डवेअरवर करतो. २०२३ च्या पाय ५ मध्ये एच-२६४ चा हार्डवेअर डीकोडर काढून टाकलाय, फक्त एचईव्हीसीचा ठेवलाय, त्यामुळे पाय ५ वर एच-२६४ ला प्रोसेसर वापरला जातोय हे बघून घाबरू नका, तो १०८०पी सहज ओढतो. पायच्या बाबतीत खरा गुन्हेगार बहुतेक वेळा चार्जर असतो. घरातला कुठलातरी मोबाईलचा चार्जर लावलेला असतो, व्होल्टेज पडतं, पाय आपला वेग कमी करतो आणि व्हिडिओ अडकतो. टर्मिनलमध्ये व्हीसीजेनकमांड, स्पेस, गेट-थ्रॉटल्ड चालवा, मधे अंडरस्कोर आहे. उत्तर शून्य-एक्स-शून्य आलं तर सगळं ठीक, दुसरं काहीही आलं तर पॉवर किंवा उष्णता. ८० डिग्रीच्या पुढे पाय स्वतःला आवरायला लागतो, आणि विदर्भात मे महिन्यात बंद प्लास्टिकच्या केसमध्ये टीव्हीच्या मागे ठेवलेला पाय तिथे लवकर पोचतो. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा त्याचाच अ‍ॅडॉप्टर घ्या, आणि केसला पंखा किंवा निदान हीटसिंक.

आवाज, काळा रंग, मराठी सबटायटल

ओठ आणि आवाज जुळत नाहीत तेव्हा एकच प्रश्न, फरक सुरुवातीपासून तेवढाच आहे की वाढत जातोय? तेवढाच असेल तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतोय, टीव्हीत गेम मोड लावा किंवा एमपीव्हीत कंट्रोल धरून अधिक, वजा दाबा, एका वेळी दशांश एक सेकंद सरकतं, व्हीएलसीत जे आणि के. वाढत जात असेल तर बहुधा फाइलमधले टाइमस्टॅम्प बिघडलेत, एफएफएमपेगने कॉपी मोडमध्ये टीएस फाइलची एमकेव्ही फाइल करून बघा, यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही म्हणून काही मिनिटांत होतं आणि दर्जा तसाच राहतो. चित्र आहे पण आवाजच नाही आणि एफएफप्रोब डीटीएस (आवाजाचा एक प्रकार) दाखवतंय, तर कोडीतला पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता तसाच टीव्हीला पाठवणं, बंद करा, बऱ्याच टीव्हींना डीटीएस कळत नाही.

काळा रंग राखाडी, धुरकट दिसतोय किंवा उलट अंधारातलं काहीच दिसत नाहीये, तर पीसी आणि टीव्ही दोघांची रेंज जुळत नाहीये, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे एक १६ ते २३५ बोलतोय आणि दुसरा ० ते २५५. टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज शोधा आणि बदलून बघा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर पिक्चर साइझमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट.

मराठी सबटायटलमध्ये चौकोनी खोकी दिसत असतील तर फॉन्ट नाही, नोटो सान्स देवनागरी टाका. एफसी-लिस्ट, स्पेस, कोलन, लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर चालवलं की मराठी दाखवू शकणाऱ्या फॉन्टची यादी येते, ती रिकामी असेल तर तेच कारण. पण खोक्यांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर वेगळं, कुणीतरी विंडोजवर फाइल देवनागरी न मावणाऱ्या एएनएसआय प्रकारात सेव्ह केलीय आणि मजकूर कायमचा गेलाय, मूळ फाइल युटीएफ-८ प्रकारात परत मागवावी लागेल.

ब्राउझरमध्ये यूट्यूब अडकत असेल तर व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा, कोडेकसमोर एव्ही०१ किंवा व्हीपी०९ दिसेल. तुमच्या चिपला ते जमत नसेल तर यूट्यूबला एच-२६४ च द्यायला लावणारं एक्स्टेंशन मिळतं, जुन्या मशीनला त्याने खूप हलकं वाटतं. ओटीटीवर लिनक्समध्ये फुल एचडी मिळत नाही ते मात्र बहुतेक वेळा डीआरएममुळे, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलुपामुळे, तुमच्या मशीनचा त्यात काही दोष नाही.

एवढं करूनही सुटलं नाही तर मदत मागा, पण "चालत नाही" एवढंच लिहू नका. एमपीव्ही लॉग-फाइलचा पर्याय देऊन चालवा, व्हीएइन्फो आणि एफएफप्रोबचं पूर्ण उत्तर जोडा, डिस्ट्रोचं आणि ग्राफिक्स चिपचं नाव लिहा, आणि जिथे अडकतं तिथला तुकडा एफएफएमपेगने कॉपी मोडमध्ये कापून द्या, वीस-तीस सेकंदांचा पुरतो.